सिस्टिमॅटिक रिव्ह्यूची प्रिझ्मा चेकलिस्ट आधीच बघावी लागते, की जर्नलने मागितल्यावर भरली तरी चालते?

जर्नलने मागितल्यावर भरा म्हणणारे गाइड ढिगानं आहेत. नाही चालत. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरल्या पद्धतीनं शोधून केलेला आढावा, आणि त्यात काय-काय केलं ते सांगायची यादी म्हणजे प्रिझ्मा. तिच्यात 27 मुद्दे आहेत, आणि त्यातले बरेच असे की काम करतानाच टिपून ठेवलं नाही तं नंतर ब्रह्मदेवालाही आठवणार नाही. डुप्लिकेट किती काढले, पूर्ण वाचून कोणता पेपर कशापायी बाद केला. मग लोक फ्लो डायग्रामचे (किती पेपर सापडले, किती गाळले, किती उरले ते दाखवणारी आकृती) आकडे उलटे बसवतात, बेरीज जुळली की झालं.

मी डॉक्टर नाही, विदर्भातल्या एका खेड्यातल्या मेडिकल कॉलेजात लायब्ररी सांभाळतो. आमच्याकडे पाऊस लागला की सर्पदंशाच्या केसेस सुरू, म्हणून एका पीजी मॅडमनी त्यावरच रिव्ह्यू घेतला आणि सर्च मी बांधून दिला. 'स्नेकबाइट' जोडून लिहिणारे वेगळे, 'स्नेक बाइट' तोडून लिहिणारे वेगळे, 'एन्व्हेनोमेशन'वाले तिसरेच, आणि जुन्या भारतीय पेपरांत तं 'ऑफिटॉक्सिमिया' सापडते. पबमेड या वैद्यकीय डेटाबेसमध्ये मेश हेडिंगनं (तिथं पेपरांना लावलेले ठरावीक विषय-शब्द) बरंच काही एका झटक्यात गोळा होतं, पण स्कोपस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ते तसं चालत नाही, तिथं सगळं परत बांधा. प्रत्येक सर्च तारखेसकट एक्सेलमध्ये ठेवला होता.

गाइड सरांनी ते सगळं उडवून 'रिलेव्हंट कीवर्ड्स वापरून शोध घेतला' एवढी एक ओळ ठेवली. मी म्हटलं सर, पूर्ण द्यावा लागते, तं म्हणे तुम्ही पुस्तकं सांभाळा. 2009 च्या प्रिझ्मात निदान एका डेटाबेसचा पूर्ण सर्च दिला की भागत होतं, 2020 च्या आवृत्तीत सगळ्यांचा लागतो. शेवटचा कधी शोधला ती तारीख तं दोन्हीत लागते. सर जुनीच चेकलिस्ट घेऊन बसले होते. रिव्ह्यूअरनं नेमकं तेच मागितलं, आणि सरांचा फोन आला तेव्हा मी वावरात हरभऱ्याला पाणी देऊन राहिलो होतो, कारण लाइन रात्रीचीच. बांधावर बसून मोबाइलवरून फाइल पाठवली. पेपर छापून आला, खाली 'ग्रंथालय कर्मचाऱ्यांचे आभार'. नाव नाही.

म्हणून सांगतो, ज्यानं सर्च बांधला त्याला ऑथर करा. 'नुसता सर्चच तं केला' म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतः बांधून दाखवावा. हो, आयसीएमजेईच्या (मेडिकल जर्नलच्या संपादकांची समिती) ऑथरशिपच्या चारही अटी पूर्ण व्हाव्या लागतात, नुसत्या सर्चवर ऑथरशिप मिळत नाही हे मलाही माहीत आहे, पण ड्राफ्ट वाचायलाच दिला नाही तं माणूस त्या पूर्ण करणार कधी?

बाकी चेकलिस्ट भरली म्हणजे रिव्ह्यू चांगला झाला असं नाही, काय केलं ते नीट सांगितलं एवढंच. आणि तुमचा स्कोपिंग रिव्ह्यू (विषयावर कायकाय अभ्यास झाले याचा ढोबळ आढावा) असेल तर त्याची 2018 ची वेगळी चेकलिस्ट आहे, ती घ्या. प्रोस्पेरोवर (रिव्ह्यूचा आराखडा, म्हणजे प्रोटोकॉल, आधी नोंदवायची साइट) स्कोपिंग घेत नाहीत, तिथं प्रोटोकॉल टाकत बसू नका.