साठ हजारांची मशीनं आणि वीस-वीस मिनिटांचे तुकडे

प्रश्न : मी नाशिकरोडला राहते. मुलगी पाच वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. घरी ब्लाउज शिवते, बाळांचे स्वेटर-टोपडी विणते. माझ्याकडे लग्नात आलेलं साधं मशीन आहे, त्याला मोटर बसवून घेतली आहे. मुलांमुळे काम सारखं तुटतं, सात-आठ कामं अर्धवट पडली आहेत. शिलाईचं मोठं मशीन (२९,०००), कापडाच्या कडांचे धागे सुटू नयेत म्हणून त्या शिवायचं इंटरलॉक मशीन (८,५००) आणि विणायचं मशीन (२२,०००) घेतलं तर वेळ वाचेल असं वाटतं. त्यासाठी आईनं दिलेली १,२०,००० रुपयांची बँकेतली ठेव मोडू का? दुकानदार म्हणतो, मुद्रा कर्ज काढा. मिस्टरांचे हातात ३१,००० येतात, घरखर्च २७,०००. बचत खात्यात १४,००० आहेत. तीन महिन्यांच्या वहीचे फोटो सोबत पाठवते.

उत्तर : ताई, आधी वहीबद्दल. माझ्याकडे येणारे पगारदार लोकसुद्धा इतकं नीट लिहून आणत नाहीत. किती वाजता बसलात आणि बाळ किती वाजता उठलं हेही तुम्ही लिहिलंय, त्यामुळे मला हवेत बोलावं लागणार नाही.

अस्तराचा ब्लाउज तुम्ही ३५० ला देता. अस्तर, दोरा, हूक वजा जाता २८० उरतात आणि सगळं धरून अडीच तास जातात. म्हणजे तासाला ११२ रुपये. साधा ब्लाउज १५० ला, १३५ उरतात, सव्वा तास लागतो. तोही तासाला १०८ पडतो. लोकरीचा बारशाचा संच ६५० ला, त्यात लोकरच २०० ची, आणि वेळ २२ तास. तासाला जेमतेम २० रुपये. महिन्याला सरासरी १४ अस्तराचे, ८ साधे आणि ३ संच. हातात ६,३५०.

एवढं मांडल्यावर कोणीही म्हणेल, विणकाम बंद करा. मीही समासात पेन्सिलीनं तेच लिहिलं होतं. मग वेळांचा रकाना पुन्हा वाचला आणि खोडलं. तुमचं विणकाम होतं कधी? शाळेच्या रिक्षाची वाट बघताना, बाळ मांडीवर झोपलेलं असताना, दवाखान्यात नंबर येईपर्यंत. त्या वेळात ब्लाउज होऊच शकत नाही. सुलट-उलट करत ओळ पुरी केली, सुया पिशवीत टाकल्या, उठलात. ब्लाउजचं कापड बेतायला पसरलं की कात्री, टाचण्या, खडू सगळं जमिनीवर येतं, आणि बाळ त्या दिशेनं निघालं की तेच सगळं पुन्हा उचला. तुमच्याकडे सलग तास वेगळे आहेत आणि फुटकळ तास वेगळे. फुटकळ तासाला २० रुपये मिळत असतील तर मिळू देत, नाहीतर त्याचे शून्यच मिळाले असते.

म्हणूनच विणायच्या मशीनला माझा साफ नकार आहे. ते टेबलाला घट्ट बसवावं लागतं, विणलेल्या भागाला वजनं लटकवावी लागतात, आणि मध्येच कोणी ओढलं तर टाके सुयांवरून निसटून अख्खा भाग खाली येतो. दीड वर्षाच्या मुलाला लटकतं वजन दिसलं की काय होईल, ते मी सांगायला नको. मांडीवर होणारं काम २२,००० खर्चून तुम्ही टेबलावर नेणार, आणि तिथं ते ब्लाउजच्या सलग तासांवर घाला घालणार. शिवाय मशीनचा स्वेटर लोक लुधियानाच्या मालाशी ताडून बघतात. थंडीत शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमध्ये एक चक्कर मारा. त्या भावात तुम्हाला परवडणार नाही.

शिलाईच्या मोठ्या मशीनचा मोह मला समजतो. वेगच एवढा असतो. पण अडीच तासांत सुई प्रत्यक्ष किती वेळ चालते? तुमच्याच नोंदीप्रमाणे पाऊण तास. बाकी बेतणं, उसवणं, हातशिलाई, हूक, इस्त्री. मशीन कितीही धावलं तरी अस्तराच्या ब्लाउजमागे वीस मिनिटं आणि साध्यामागे दहा मिनिटं वाचतील. महिन्याला सहा तास, म्हणजे ६६० रुपये, तेही त्या सहा तासांत भरायला काम असेल तर. २९,००० वसूल व्हायला साडेतीन वर्षांहून जास्त लागतील. आणि घेतलंच कधी, तर सर्व्हो मोटरचं घ्या, ती पायडल दाबल्यावरच फिरते. क्लच मोटर सुरू असेपर्यंत घरघरत राहते. बाळ झोपल्यावरच तुमचा कामाचा वेळ सुरू होतो, हे विसरू नका.

इंटरलॉक मात्र घ्या. आत्ता तुम्ही ब्लाउजमागे २० रुपये देता, म्हणजे महिन्याला ४४० रुपये, आणि आठवड्यातून दोनदा बाळाला कडेवर घेऊन दुकानात जाता. त्या फेऱ्यांत महिन्याचे साडेपाच तास जातात. घरी इंटरलॉक करायला दोन तास लागतील, साडेतीन वाचतील. दोरा-वीज वजा करून महिन्याला साडेसातशेच्या वर फायदा होतो, तेव्हा ८,५०० वर्षभरात निघतात. हे पैसे ठेवीतून नकोत. बचत खात्यातून पाच हजार घाला, उरलेले पुढच्या दोन महिन्यांच्या शिलाईतून.

ठेवीचं गणित सरळ आहे. ठेव आणि बचत मिळून १,३४,००० होतात, म्हणजे पाच महिन्यांचा घरखर्च. तीन मशीनांचे साठएक हजार काढले की पावणेतीन महिन्यांचा उरतो. घरात दोन लहान मुलं आणि एकच पगार. मुदतीआधी मोडली तर बँक बहुधा जितके दिवस ठेवली त्या मुदतीचा दर लावते आणि वर अर्धा-एक टक्का दंड घेते. कधी अगदी अडलंच, तर ठेव न मोडता तिच्यावर कर्ज मिळतं, ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याजानं.

मुद्राच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं आणि तारण लागत नाही, हे दुकानदाराचं म्हणणं खरं आहे. पण १२ टक्के दरानं तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १,६६० च्या आसपास बसतो. चातुर्मासात लग्नं थांबतात, हप्ता थांबत नाही. दुसरं असं की १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. त्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर आणि पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत ५ टक्क्यांनी कर्ज आहे. मुद्राचं कर्ज फेडायचं बाकी असेल तर तो दरवाजा बंद होतो. सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनांचे अर्ज भरून देतात तिथं, जाऊन सध्या अर्ज घेतात का, विचारून या. आधी पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण असतं, तेव्हा बाळाला कोण सांभाळेल याची सोय करूनच नाव द्या.

तुम्ही न विचारलेला एक खर्च मी सुचवते. शेजारच्या मावशी रोज दोन तास बाळाला बघायला महिना २,५०० मागतात, असं वहीच्या कोपऱ्यात लिहिलंय. २,५०० म्हणजे अस्तराचे नऊ ब्लाउज. एरवी तुम्ही महिन्याला तीन-चार ब्लाउज परत पाठवता, तेव्हा मावशी परवडत नाहीत. दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत बारा-पंधरा परत जातात, तेव्हा परवडतात. तेवढ्याच महिन्यांपुरतं त्यांच्याशी बोला. सुटणारे पैसे आठशे ते सतराशेच असतील, पण गिऱ्हाईक तुटणार नाही आणि रात्री एक वाजता डोळे ताणून काजं करावी लागणार नाहीत.

आता भाव. हातानं विणलेला बारशाचा संच ६५० ला का? ९०० सांगा. तीन संचांमागे महिन्याला ७५० वाढतात, म्हणजे २९,००० च्या मशीनपेक्षा जास्त, आणि खर्च शून्य. एखादी परत गेली तर जाऊ द्या, तेवढेच २२ तास मोकळे झाले. वहीत चार ब्लाउजपुढे रकमेऐवजी नुसती रेघ दिसली. नणंदा-जावांचे असणार. शिलाई मागू नका, पण अस्तर आणि हूक त्यांना आणायला सांगता येतं.

राहिली अर्धवट कामं. मुलीचा स्वेटर होईपर्यंत तिला आखूड झाला, असं लिहिताना तुम्ही स्वतःवर रागावलेल्या दिसता. माझ्या कपाटात एक बिनबाह्यांचा स्वेटर आहे. तो बिनबाह्यांचा म्हणून विणायला घेतला नव्हता, आणि ज्याच्यासाठी घेतला तो आता कॉलेजात आहे. प्रश्न रागाचा नाही, ४,२०० रुपयांच्या लोकरीचा आहे, जी सेलमध्ये घेतली म्हणून पेटीत पडून आहे. वीस संचांना पुरेल एवढी लोकर घरात असताना यंदा एक गुंडाही विकत घेऊ नका. मुलीचा आखूड स्वेटर उसवा. त्यातून बाळाच्या मापाचा निघेल, आणि तो गळ्यापासून खाली विणा, म्हणजे पुढच्या थंडीत घेर आणि बाह्या लांबवता येतील.

ठेवीची मुदत नऊ महिन्यांनी संपते आहे. आपोआप पुढे चालू ठेवण्याची सूचना दिली असेल तर ती आत्ताच काढून टाका. तेव्हा ४०,००० च्या तीन ठेवी करा, सहा महिने, एक वर्ष आणि दोन वर्षं अशा मुदतींच्या. एक वर्षाची ठेव सुटेल तोवर मुलगा तीन वर्षांचा होऊन अंगणवाडीत जायला लागलेला असेल आणि सकाळचे सलग तास तुमच्या हाती आलेले असतील. मोठ्या मशीनचा हिशोब तेव्हा पुन्हा मांडू. त्याआधीच्या सहा महिन्यांची वही मला पाठवा.