नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करू का?

तुमचं वय 34, नऊ वर्षं एकाच कंपनीत मशीन डिझाइनची नोकरी, कामावर चांगला हात बसलेला, आणि अधूनमधून बाहेरचं कुणीतरी विचारतं, ‘आमचीही ड्रॉइंग करून द्याल का?’ साहेबाची कटकट नको, वेळ आपल्या हातात हवा, म्हणून राजीनामा द्यावा का, हा तुमचा प्रश्न. मी याच प्रकारच्या कामात आधी पगारावर होतो, आता बरीच वर्षं स्वतःच्या नावावर बिलं फाडतो. दोन्हीकडचं पाहिलंय म्हणून लिहितोय. फक्त ‘स्वातंत्र्य की सुरक्षितता’ असा वाद घालत बसणार नाही, कारण दोन्ही शब्द ऐकायला इतके छान आहेत की खरा हिशेब राहूनच जातो.

नोकरीत कंपनी तुमच्याकडून काम घेते, आणि त्यासोबत तुमच्या डोक्यावरची अनिश्चितताही स्वतःकडे घेते. एखाद्या महिन्यात ऑर्डरच नव्हती, ग्राहकाने बिल अडवलं, काम अर्ध्यावर रद्द झालं, तरी तुमचा पगार ठरल्या तारखेला जमा होतो. ही हमी फुकट नसते. तुमच्या कामाचे ग्राहकाकडून जे पैसे येतात आणि तुमच्या हातात जे पडतात, त्यांच्यातल्या फरकात तिची किंमत दडलेली असते. अमेरिकी अर्थतज्ज्ञ फ्रँक नाइट यांनी 1921 मध्येच हे मांडलं होतं. ज्या धोक्याची शक्यता मोजता येते त्याचा विमा उतरवता येतो. जी अनिश्चितता मोजताच येत नाही ती कुणाला तरी अंगावर घ्यावी लागते, आणि नफा मिळतो तो तिच्याबद्दल. तेव्हा तुमचा प्रश्न मी असा वाचतो: ही अनिश्चितता आता स्वतःकडे घ्यायची का, आणि घेतली तर तिचे पुरेसे पैसे सुटणार आहेत का?

पैशांचं आधी बघू. बहुतेक जण पगाराला कामाच्या दिवसांनी भागतात, त्यावर थोडं चढवतात आणि तोच आपला दर धरतात. हा दर फार कमी असतो. आठवड्याचे पाच दिवस धरले तर वर्षाचे 260 दिवस होतात आणि नोकरीत या सगळ्या दिवसांचा पगार मिळतो, सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा धरून. स्वतःच्या कामात सुट्ट्या-आजारपणाचे 35 दिवस वजा करा, उरले 225. त्यातलाही मोठा वाटा कोटेशन देण्यात, ग्राहकाला भेटण्यात, हिशेब ठेवण्यात, सॉफ्टवेअर बिघडलं की ते दुरुस्त करण्यात जातो. बिल लावता येईल असं काम 60 टक्के वेळ झालं तरी बरं म्हणायचं. म्हणजे 135 दिवस. नुसता आजचा पगार हातात यायचा तर दिवसाचा दर जवळजवळ दुप्पट हवा. वर विमा, निवृत्तीची तजवीज, संगणक, परवाने, जागा हे आजवर कंपनीच्या खात्यावर होतं ते तुमच्या खात्यावर येतं. माझ्या अनुभवात सव्वादोन ते अडीच पटीच्या खाली दर लावला तर माणूस नोकरीपेक्षा जास्त राबून कमी कमावतो, आणि हे त्याला वर्ष संपल्यावर कळतं.

आता वसुली. याबद्दल नोकरदार माणसाला कुणी सांगत नाही आणि सांगितलं तरी पटत नाही. काम आज संपतं, बिल महिनाअखेरीला जातं, ग्राहक 60 दिवसांची मुदत मागतो, मग ‘साहेब बाहेर आहेत’, मग ‘एक छोटी दुरुस्ती राहिली होती’, मग पुढच्या महिन्याचा वायदा. ड्रॉइंग चांगली होती, ग्राहकही प्रामाणिक आहे, फक्त त्याचे पैसे त्याच्या ग्राहकाकडे अडकलेत. कागदावर नफा आणि खिशात खडखडाट, ही अवस्था चांगल्या चाललेल्या धंद्यातही येते. त्यामुळे खेळतं भांडवल म्हणून निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. घराचा हप्ता असेल किंवा कमावणारे तुम्ही एकटेच असाल तर त्याहून जास्त. काम सुरू करण्याआधी काही रक्कम आगाऊ घ्या, मोठं काम टप्प्यांत तोडून प्रत्येक टप्प्याचं बिल लावा, अंतिम फाइल शेवटचा हप्ता मिळाल्यावरच द्या. आणि पैसे मागताना लाजू नका. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय नोकरीत खपते, कारण तिथे तुमच्या वतीने मागणारा विभाग वेगळा असतो. गंमत म्हणजे हुशार इंजिनिअर हमखास अडखळतो तो इथेच, डिझाइनमध्ये नाही.

दुसरी गोष्ट ग्राहकांच्या संख्येची. बाहेरचे लोक काम विचारतात असं तुम्ही लिहिलंय, पण किती जण आणि कोण, ते लिहिलेलं नाही. त्यातला एकच मोठा असेल आणि तुमचं तीन चतुर्थांश उत्पन्न त्याच्याकडूनच येणार असेल, तर ती नोकरीच झाली, फक्त पगारी रजा आणि नोटीस पीरियड नसलेली. तुम्ही तिला धंदा म्हणाल, पण कुणाचा फोन आला की तुम्ही रात्री अकरा वाजताही कामाला बसता ते पाहिलं की साहेब कोण ते लगेच कळतं. एका ग्राहकाकडून एक तृतीयांशापेक्षा जास्त उत्पन्न येऊ नये, हा माझा स्वतःचा ठोकताळा. पहिल्या वर्षात तो कुणालाच पाळता येत नाही, पण लक्ष्य म्हणून समोर असावा. शिवाय विचारणारे तुम्हाला विचारतायत की तुमच्या कंपनीच्या नावामुळे तुम्हाला, हेही तपासा. तपासायचा मार्ग एकच: पूर्ण दर सांगून बघा. फुकट सल्ला घेणारे तिथेच गळतात.

साहेब नको, वेळ हाताशी हवा, हे मला पूर्ण कळतं. वेळेचं सांगतो: तास कमी होत नाहीत, इकडेतिकडे हलवता येतात. दुपारी मुलाच्या शाळेत जाता येतं, त्याची भरपाई रविवारी होते. साहेबाच्या बाबतीत मात्र संशोधन तुमच्या बाजूने आहे. मथियास बेन्झ आणि ब्रुनो फ्राय यांनी 23 देशांची आकडेवारी तपासून 2008 मध्ये दाखवलं की उत्पन्न आणि कामाचे तास सारखे धरले तरी स्वतःचं काम करणारे नोकरदारांपेक्षा जास्त समाधानी असतात. याच दोघांच्या संशोधनातली दुसरी बाब मला तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची वाटते. नोकरदारांमध्येही छोट्या कंपन्यांतले लोक मोठ्या कंपन्यांतल्या लोकांपेक्षा समाधानी निघाले. त्रास वरच्या उतरंडीचा असेल तर औषध स्वतःच्या धंद्यातच आहे असं नाही. दहा-वीस माणसांच्या कंपनीत गेलात तरी तो बराच हलका होऊ शकतो. हा पर्याय तुमच्या प्रश्नात कुठे दिसला नाही.

उत्पन्नाच्या बाबतीत आकडे तितके गोड नाहीत. बार्टन हॅमिल्टन यांच्या 2000 सालच्या अमेरिकेतल्या अभ्यासात, दहा वर्षं स्वतःचं काम केलेल्या मध्यम, म्हणजे कमाईच्या क्रमात बरोबर मधोमध येणाऱ्या, माणसाची कमाई त्याला नोकरीत मिळाली असती त्यापेक्षा 35 टक्के कमी निघाली. हा आकडा जसाच्या तसा धरू नका. स्वतःचं काम करणारे सर्वेक्षणात उत्पन्न कमी सांगतात, हे नंतरच्या अभ्यासांत दिसलंय. पण ते कमी सांगणं वजा केलं तरी मध्यम माणूस श्रीमंत होत नाही. आपल्याला दिसतात ते वरचे मोजके, कारण बंद पडलेल्यांना कुणी भाषणाला बोलावत नाही.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असतो तर आज राजीनामा दिला नसता आणि कामही नाकारलं नसतं. जोसेफ रॅफी आणि जिए फेंग यांनी 2014 मध्ये अमेरिकेतली आकडेवारी तपासली तेव्हा आढळलं, की नोकरी सांभाळून काम सुरू केलेल्या आणि मग पूर्णवेळ त्यात उतरलेल्या लोकांचा काम बंद पडण्याचा धोका, थेट उडी मारणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होता. कारण सरळ आहे: दर, वसुली, ग्राहकाचा स्वभाव हे सगळं पगार चालू असताना शिकता येतं, आणि जमत नाही हे कळलं तर मुकाट थांबता येतं. शनिवार-रविवारी दोन वेगवेगळ्या ग्राहकांची छोटी कामं घ्या, पूर्ण दराने, आगाऊ रकमेसह. पैसे वेळेवर आले, त्यातल्या एकाने आपणहून दुसरं काम आणलं आणि तुम्हालाही अजून ते करावंसं वाटलं, तर राजीनाम्याची तारीख ठरवा. घरच्यांशी मात्र त्याआधी बोला, आकडे समोर ठेवून.

हे सुरू करण्याआधी तुमचं नेमणूकपत्र नीट वाचा. बाहेरचं काम करायला मनाई, कंपनीच्या ग्राहकांशी ठरावीक काळ व्यवहार न करण्याची अट, नोकरीत असताना केलेल्या डिझाइनवर कंपनीचा हक्क, यापैकी काहीतरी त्यात असण्याची शक्यता बरीच आहे. अट असेल तर लेखी परवानगी मागा किंवा वकिलाला दाखवा. कंपनीचा लॅपटॉप आणि कंपनीच्या परवान्याचं सॉफ्टवेअर बाहेरच्या कामाला अजिबात वापरू नका.