दुवा तुटावा, पण पेशीच्या आत

प्रश्न : कर्करोगावरील ‘एडीसी’ (अँटिबॉडी-ड्रग कॉन्जुगेट) औषधांमध्ये प्रतिपिंड (कर्कपेशीवरील खूण ओळखून तिला चिकटणारे प्रथिन) आणि विषारी औषध यांना जोडणारा रासायनिक दुवा मुद्दाम तुटण्याजोगा ठेवतात, असे वाचले. तो रक्तातच तुटला तर विष शरीरभर पसरेल. मग न तुटणारा दुवाच का वापरत नाहीत?

उत्तर : तसे दुवेही वापरात आहेत. २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ट्रास्टुझुमॅब एम्टान्सिनमध्ये दुवा तुटत नाही. पेशीतील लयकारिकेत (लायसोसोम, म्हणजे पेशीची पचनाची पिशवी) प्रतिपिंडच पचून जाते आणि औषध एका अमिनो आम्लासह सुटते. मात्र या अमिनो आम्लाच्या विद्युतभारित शेपटीमुळे ते पेशीपटल सहजी ओलांडत नाही, त्यामुळे ज्यांच्यावर प्रतिपिंडाला चिकटण्याची खूणच नाही अशा शेजारच्या कर्कपेशी बचावतात. गाठीतील सर्व पेशी एकसारख्या नसल्याने ही उणीव मला किरकोळ वाटत नाही.

तुटणारा दुवा रचताना रक्त आणि पेशीचा अंतर्भाग यांतील फरकाचा आधार घ्यावा लागतो. रक्ताचा सामू (पीएच; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) सुमारे ७.४, तर लयकारिकेचा ५ च्या आसपास असतो. २००० साली मान्य झालेल्या जेम्टुझुमॅब ओझोगॅमिसिनमधील हायड्राझोन दुवा या आम्लतेनेच तुटतो, पण तो रक्तातही काही प्रमाणात झिजतो. हे औषध २०१० मध्ये मागे घेतले गेले. तथापि सारे खापर दुव्यावर फोडता येणार नाही, कारण २०१७ मध्ये तोच दुवा कायम ठेवून, मात्रा कमी करून, त्याला पुन्हा मान्यता मिळाली.

ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिनमध्ये (२०११) आम्लतेऐवजी विकरावर (एन्झाइमवर) भिस्त आहे. व्हॅलिन आणि सिट्रुलिन या अमिनो आम्लांची जोडी लयकारिकेतील कॅथेप्सिन बी हे विकर कापते. औषधाचा रेणू थेट या जोडीला जोडला, तर त्याच्या आकारमानामुळे विकराला कापण्याच्या जागी पोहोचणे अवघड जाते. म्हणून मध्ये पॅरा-अमिनोबेन्झिल गट घालतात. विकराने पलीकडचा बंध कापला की हा गट आपणहून विघटित होतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि औषध कोणतीही शेपटी न लागता मूळ रूपात मोकळे होते. ते शेजारच्या पेशींतही शिरू शकते, मग त्या निरोगी असल्या तरी. हा धोका पत्करावाच लागतो.

उंदरांच्या रक्तात मात्र हीच व्हॅलिन-सिट्रुलिन जोडी कार्बॉक्सिलएस्टरेज १सी या विकरामुळे अकाली तुटते, मानवी रक्तात ती बरीच टिकते. त्यामुळे अशा दुव्याच्या स्थिरतेचे आकडे वाचताना ते कोणाच्या रक्तद्रवातील आहेत, हे आधी पाहावे.