दालचिनी नेमकी कुठून येते? तिची सुरळी कशी करतात? दुकानात मिळते ती जाड दालचिनी खरी असते का?

दालचिनी म्हणजे झाडाची आतली साल. सुरळी यंत्रावर वळत नाहीत. ओली साल वाळताना आपोआप आत वळते. ती न फाटता काढणं हेच खरं कसब, आणि मालाचा भाव बराचसा तिथेच ठरतो.

अस्सल दालचिनी श्रीलंकेची. गाले, मातारा या दक्षिणेकडच्या भागात तिची मोठी लागवड आहे. झाड उंच वाढू देत नाहीत. दोन-तीन वर्षांचं झालं की बुंध्याशी छाटतात, मग भोवती सरळ फुटवे येतात. पुढची तोडणी याच फुटव्यांची. पावसानंतर लालसर पालवी हिरवी झाली की साल लाकडापासून सुटायला लागते. त्याआधी तोडलं तर ती चिकटून राहते आणि सोलताना तुकडे पडतात.

तोडलेली काठी शक्यतो त्याच दिवशी सोलायची. आधी बाहेरची खरखरीत साल वाकड्या पात्याने खरवडून काढतात. ती थोडी जरी राहिली तरी माल काळपट आणि तुरट होतो. मग काठीवर पितळी दांडा दाबून घासतात, त्याने आतली साल मोकळी होते. घासण्यात घाई केली की पुढे साल फाटलीच म्हणून समजा. मग समोरासमोर दोन उभ्या चिरा देऊन, सुरीचं पातं आत सरकवत दोन अर्धी पन्हळं उचलायची. अशी पन्हळं एकात एक बसवत, टोकाला टोक जोडत 42 इंचांची कांडी करतात आणि पोकळीत बारीक तुकडे भरतात. ती सावलीत, छपराखाली दोऱ्यांवर काही दिवस वाळते. मधूनमधून हाताने लाटून घट्ट करतात. कडक उन्हात ती वेडीवाकडी होते, ओलसर बांधली तर बुरशी धरते. 6 मिलिमीटरपेक्षा बारीक कांडीला ‘अल्बा’ म्हणतात, ती सर्वांत महाग.

आपल्याकडे किराणा दुकानात बहुधा मिळते ती कॅशिया, म्हणजे चीन, व्हिएतनाम किंवा इंडोनेशियातल्या तिच्या भाऊबंद झाडांची साल. एकच जाड थर, बोटांनी सहसा मोडत नाही, चव जहाल. मसालेभाताला ती उत्तम, तिला नकली म्हणू नये. मात्र तिच्यात कुमारिन नावाचं नैसर्गिक रसायन बरंच असतं आणि ते जास्त प्रमाणात यकृताला त्रासदायक ठरू शकतं. युरोपात त्याची सुरक्षित मर्यादा दिवसाला प्रतिकिलो वजनामागे 0.1 मिलिग्रॅम धरतात. साखर कमी व्हावी म्हणून रोज चमचाभर पूड घेणाऱ्यांनी कॅशिया टाळावी, आणि मुळात हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

कोकणात नारळाच्या बागेत आंतरपीक म्हणून अस्सल दालचिनी होते. दापोली कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही जात त्यातलीच. पूड नुसती बघून अस्सल की कॅशिया हे कळत नाही, म्हणून कांडीच घ्या आणि लागेल तेवढी घरी कुटा.