दुप्पट दारूचे काडतूस

प्रश्न : मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. माझ्याकडे परवान्याचे .३२ चे रिव्हॉल्व्हर आहे. अमेरिकेतील माझे मेहुणे .३८ स्पेशलची काडतुसे घरीच भरतात. नुकतेच त्यांच्या रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर फुटले, ते बचावले. एका पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यात, दारू दोनदा पडली असावी, असे ते म्हणतात. चिमूटभर दारूने पोलाद कसे फुटते? आधी काहीच लक्षण दिसत नाही का?

उत्तर : मेहुणे बचावले, हे वाचून हायसे वाटले. .३८ स्पेशलची पुंगळी काळ्या दारूच्या जमान्यातील मापावरून घडलेली आहे, आणि आजची जलद जळणारी धूरविरहित दारू तिचा निम्मा भागही भरत नाही. त्यामुळे दुसऱ्यांदा पडलेली दारू सांडत नाही, गोळी नेहमीसारखीच बसते आणि बाहेरून काडतूस निर्दोष दिसते. शिवाय दाब वाढला की ही दारू आणखी वेगाने जळते, म्हणून दारू दुप्पट झाली की दाब दुपटीहून कितीतरी जास्त चढतो. या काडतुसाची दाबमर्यादा १७,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे. सहा घरांच्या (काडतूस बसायच्या सहा भोकांच्या) बहुतेक सिलिंडरांत अडकणीची खाच, म्हणजे सिलिंडर जागेवर अडकवून ठेवणारी बाहेरची खाच, नेमकी घराच्या सर्वांत पातळ भिंतीवर असते. फुटते ते तिथूनच. बहुधा शेजारच्या दोन घरांच्या भिंतीही उडतात आणि सिलिंडरवरून जाणारी चौकटीची पट्टी वाकते.

लक्षणांवर मुळीच विसंबू नये. चपटी झालेली टोपी (पुंगळीच्या बुडातील, दारू पेटवणारी) ही रायफलइतक्या दाबाची खूण आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये ती दिसेपर्यंत मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. खरी तपासणी गोळी बसवण्यापूर्वीच होते : सर्व पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून प्रत्येकीत विजेरीने पाहावे, म्हणजे जास्त भरलेली पुंगळी शेजारणींमध्ये लगेच उठून दिसते. दुप्पट पडताच पुंगळीबाहेर सांडेल अशी फुगीर दारू निवडणे त्याहूनही चांगले. रिकामी राहिलेली पुंगळीही तितकीच घातक, कारण केवळ टोपीच्या जोरावर गोळी नळीत अडकते आणि पुढचा बार नळी फुगवतो.

आपण स्वतः मात्र या वाटेला जाऊ नये. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार काडतुसे तयार करण्यास वेगळा परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना त्यासाठी चालत नाही. अधिकृत विक्रेत्याकडील कारखान्याचीच काडतुसे वापरावीत.

मेहुण्यांना मात्र आजच कळवावे, की त्या खेपेतील उरलेले एकही काडतूस झाडू नये. वजन करून दोषी काडतूस हुडकण्याचा मोह होईल, पण एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम, आणि पुंगळ्या व गोळ्या यांच्या वजनांतच इतका फरक असतो की चार-पाच ग्रेनची जादा दारू त्यात लपून जाते. ती सर्व काडतुसे उघडून मोकळी करावीत.