ती गोळी कालवणात नको

बायो,

बाबांच्या कालवणात दारू सोडवायची गोळी मिसळू का, असं विचारलंस. नको. कालवणात नको, पेजेत नको, चहात नको. सांगून द्यायची, त्यांच्या हातावर ठेवून.

तुला मिळालेली २५० मिलिग्रॅमची डायसल्फिराम दारूची ओढ कमी करत नाही. दारू पोटात गेली की तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं. ते पुढे फोडणारं एन्झाइम ही गोळी अडवते. मग तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. हृदय कमजोर असेल तर जीवावरही बेततं. माहीत असलेला माणूस त्या भीतीने पीत नाही, गोळीचं काम एवढंच. ज्याला माहीतच नाही, तो भिणार कशाला? तो नेहमीसारखी माडी घेईल, आणि तेव्हा मासेमारीची बोट खोल समुद्रात असेल. म्हणून सांगून!

सांगितल्यावरही गोळी द्यायला शेवटच्या घोटानंतर निदान १२ तास थांबायचं. गोळी बंद केली तरी १४ दिवसांपर्यंत धोका राहतो. आसवं, अरिष्टं, खोकल्याची काही औषधं यांतही अल्कोहोल असतं.

आणि कोंडून ठेवून सोडवू म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम तोडली तर पहिल्याच दिवशी हात कापतात, दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम. आधी जिल्हा रुग्णालय. तिथे क्लोरडायझेपॉक्साइड हे शांत करणारं औषध देऊन हळूहळू उतरवतात. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, देतात, तेही ग्लुकोजच्या आधी.

ओढ कमी करायला नालट्रेक्सोन, ५० मिलिग्रॅम, रोज एक. आधी यकृताची तपासणी. ट्रामाडोलसारखी वेदनाशामकं चालू असतील तर नाही. किंवा अ‍ॅकॅम्प्रोसेट, ३३३ मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा, मूत्रपिंड तपासून. पण बोटीवर सहा गोळ्या कोण आठवणीने घेतो? माझा कल नालट्रेक्सोनकडे. ठरवायचं डॉक्टरांनी, आणि बाबांना सांगून.

हट्टी म्हण मला. लपवून देणाऱ्या घरांपुढे फार वर्षं गप्प बसलो, त्याचा राग तुझ्यावर निघतोय बहुतेक. तुझी माया मला दिसते गं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बाबा घरी असतील. तेव्हाच सुरू करा. त्याच सुमारास गटारी येईल, तेवढी सांभाळ.

एखादी गोळी आधीच दिली असशील तर आजच सांग त्यांना, आज पिण्याआधी. चिडतील, चिडू देत. उरलेली पुडी रुग्णालयात घेऊन जा आणि त्यांच्यासमोरच डॉक्टरांच्या टेबलावर ठेव.