गोव्यात राहून राज्यशास्त्रातलं नवं संशोधन कसं वाचावं?

तुम्ही एम.ए.ला आहात आणि विचारताय, या विषयात नवं काय चाललंय ते कुठून वाचायला घ्यावं? मी इथल्याच एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. माझं सांगणं असं, की आधी घरचा एक प्रश्न धरा, शोधनिबंध नंतर शोधा.

पक्षांतरच घ्या. जुलै २०१९ मध्ये गोव्यात काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८. हे आकडे मी फळ्यावर लिहिते आणि मुलांना दोन तृतीयांश काढायला लावते. १५ चे होतात १०. ११ चे सात आणि वर थोडे, म्हणजे किमान ८. दोन्ही वेळा लागत होते तेवढेच गेले, एकही जास्त नाही! वर्ग गप्प होतो. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक तृतीयांश आमदारांना फुटायची मुभा होती, ती २००३ च्या घटनादुरुस्तीने गेली. विलीनीकरणाची दोन तृतीयांशाची वाट तेवढी उरली. मग हा कायदा पक्षांतर थांबवतो, की घाऊक करायला लावतो? २०१९ चं विलीनीकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फेब्रुवारी २०२२ मध्ये मान्य केलं. मे २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या शिवसेना फुटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, प्रतोद (आमदारांना पक्षाचा आदेश देणारा, म्हणजे व्हिप) नेमायचा तो राजकीय पक्षाने, विधिमंडळ पक्षाने, म्हणजे सभागृहातल्या त्याच्या आमदारांनी नव्हे. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. मला आज यापेक्षा जिवंत विषय दिसत नाही.

मतदारसंघांचे जुने निवडणूक निकाल अशोका विद्यापीठाच्या 'लोकढाबा' या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

स्वतःचा प्रश्न असला की दुसऱ्याचे आकडेही नीट तपासले जातात. २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध गाजला होता: दारात उभं राहून थोडा वेळ बोललं, तरी समलिंगी विवाहाबद्दलचं मत बदलतं. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला या संशोधकांनी तशीच पाहणी हाती घेतली, तेव्हा आकड्यांत खोट दिसली. ज्या संस्थेने पाहणी केली असं म्हटलं होतं, तिला त्याचा पत्ताच नव्हता. २०१५ मध्ये निबंध मागे घेतला गेला. पुढच्या वर्षी या दोघांनी खरी पाहणी छापली, आणि पारलिंगी व्यक्तींबद्दलचा पूर्वग्रह अशा बोलण्याने खरंच कमी होतो असं दिसलं.

आपल्याकडे एका मतदारसंघात जेमतेम तीस हजार मतदार. आमदार लग्नाकार्याला घरी येतो. चवथीला गावी जाल तेव्हा दहा घरांत विचारा: आमदाराने पक्ष बदलला, तुम्ही मत कुणाला दिलं, आणि का? उत्तरं त्याच रात्री वहीत उतरवा.